अभ्यासिकेच्या नेटवर्कवरील संगणकांची यादी : पिंगनंतर एआरपी

अमळनेरच्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या ऑनलाइन सरावासाठी ठेवलेले संगणक नेटवर्कवर नेमके कोणत्या पत्त्यांवर आहेत, याची पक्की यादी करण्याचे काम व्यवस्थापकांच्या परवानगीने चालू आहे. मागच्या टप्प्यात १९२.१६८.१.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत प्रत्येक पत्त्याला पिंग केले, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवला, तेव्हा राउटर, प्रिंटर आणि लिनक्सचे संगणक यांच्याकडून उत्तर आले. खिडकीलगतच्या रांगेत डोळ्यांदेखत चालू असलेले विंडोजचे संगणक मात्र गप्प राहिले. विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारे संदेश गाळणारी व्यवस्था), मुद्दाम सूट दिलेली नसल्यास, पिंग बहुधा अडवते.

म्हणून या वेळी एआरपीचा आधार घेतला. १९८२ मध्ये मांडलेला हा प्रोटोकॉल (संवादाची ठरलेली पद्धत) आयपी पत्त्यावरून, म्हणजे वर दिलेल्यासारख्या पत्त्यावरून, यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता विचारतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय स्थानिक नेटवर्कवर नेहमीचा संवादच होत नाही, त्यामुळे पिंग अडवणारी फायरवॉलही येथे सहसा आड येत नाही. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवलेले एनमॅप हे नेटवर्क तपासणारे साधन स्थानिक नेटवर्कवर आपोआप एआरपी वापरते. सुडोशिवाय तीच तपासणी ८० आणि ४४३ या पोर्टांवर (यंत्रावरील सेवांच्या क्रमांकित दारांवर) जोडणी मागून पाहते. सुडो लावताच खिडकीलगतची अख्खी रांग यादीत उतरली, याचे फार समाधान वाटले.

एका नोंदीने मात्र विचारात पाडले. मॅक पत्त्याचे पहिले तीन बाइट एरवी उत्पादकाची ओळख देतात, पण या पत्त्याची सुरुवात ‘डीए’ने होती. दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असल्यास तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून स्थानिक पातळीवर ठरवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून फोन वाय-फायवर असेच यादृच्छिक पत्ते वापरतात. व्यवस्थापकांच्या फोनच्या सेटिंगमध्ये तोच पत्ता सापडला आणि ती नोंद संगणकांतून वगळली.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी अभ्यासिका ओस पडते आणि बरेच संगणक बंद असतात, तेव्हा एकदाच केलेल्या स्कॅनवर विसंबणे मला योग्य वाटत नाही. आता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर पंधरा मिनिटांनी एआरपी-स्कॅन हे साधन चालते आणि नवा मॅक पत्ता दिसला की वेळेसह फाइलमध्ये नोंदवला जातो. आयपी पत्ता डीएचसीपीमुळे, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीमुळे, बदलू शकतो, म्हणून ओळख मॅकवरूनच ठेवली आहे.

वरच्या मजल्यावरील संगणक वेगळ्या राउटरमागे आहेत आणि एआरपीची विचारणा राउटर ओलांडत नाही, त्यामुळे खालून तो अख्खा मजला एकच यंत्र म्हणून दिसतो. पुढच्या टप्प्यात लॅपटॉप वर नेऊन तेथूनच स्कॅन करायचे आहे.