हो म्हणण्याआधी

‘रक्त देता, ते समजू शकतो. पण बोन मॅरोच्या यादीत नाव घालायचं ठरवलंत कसं? तेही ओळख ना पाळख अशा माणसासाठी?’ हा प्रश्न आता मला पाठ झालाय. (बोन मॅरो म्हणजे हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ भाग. रक्ताच्या कॅन्सरसारख्या आजारात तो अनोळखी रुग्णालाही द्यायला तयार असलेल्यांची नावं या यादीत असतात.) निम्म्या लोकांना खरं तर ‘दुखलं का?’ एवढंच विचारायचं असतं. काहींना मी देवभोळी आहे की नुसतीच भोळी, याचा अंदाज घ्यायचा असतो. राहता राहिले थोडेसे, ज्यांच्या मनात स्वतःचं नाव नोंदवायचं घोळत असतं आणि पाऊल पुढे पडत नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण उत्तर मुख्यतः या तिसऱ्या मंडळींसाठी आहे.

पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा मी नाही म्हणाले. रक्त देऊन नुकतीच उठले होते. टेबलामागचा स्वयंसेवक उत्साहाने सांगत होता: गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, फॉर्मवर सही करायची, झालं. पाच मिनिटांत कुणाचा तरी जीव वाचवा! मी माहितीपत्रक घेतलं आणि घरी आले. त्या नकाराचं मला आजही वाईट वाटत नाही. उलट त्या टेबलापासून आणखी काही जण विचार करायला घरी गेले तर बरंच होईल, असं माझं मत आहे.

कारण हे रक्तदानासारखं नाही. रक्त देताना मधेच घाबरलात आणि सुई काढायला लावलीत, तर फार तर एक पिशवी वाया जाते. रक्तातल्या तांबड्या पेशी नीट साठवल्या तर ४२ दिवसांपर्यंत टिकतात, त्या कुणाला जाणार हे आधी ठरलेलं नसतं, आणि तुमच्याच गटाचे इतर दाते असतातच. बोन मॅरोच्या बाबतीत एका टोकाला एकच रुग्ण असतो आणि दुसऱ्या टोकाला एकच दाता. प्रत्यारोपणाच्या आधी काही दिवस रुग्णाला जबरदस्त केमोथेरपी देतात, कधी जोडीला सगळ्या शरीराला रेडिएशन. त्यात आजारी पेशी मरतात आणि त्यांच्याबरोबर रक्त तयार करणारा रुग्णाचा स्वतःचा मॅरोही संपतो. तिथून मागे फिरता येत नाही. त्या दिवसांत दाता ‘मला नाही जमणार’ म्हणाला, तर जुना मॅरो गेलेला असतो आणि नवा येणार नसतो. आणि तरीसुद्धा दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत माघार घ्यायचा हक्क आहे. त्याच्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही. माहितीपत्रकात या दोन गोष्टी एकीखाली एक छापल्या होत्या, अगदी साध्या टायपात. त्या दोन ओळींत मी बराच काळ अडकून पडले.

तेव्हा वाचलेला एक खटला अजून डोक्यातून जात नाही. १९७८ साली अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट मॅकफॉल या माणसाला अप्लास्टिक अॅनिमिया झाला होता, म्हणजे त्याच्या मॅरोने रक्त तयार करणं जवळजवळ सोडून दिलं होतं. नात्यात शोधाशोध झाली. डेव्हिड शिंप हा नात्यातला भाऊ जुळेल असं पहिल्या तपासणीत दिसलं, आणि पुढच्या तपासणीला शिंपने नकार दिला. मॅकफॉल कोर्टात गेला. न्यायाधीश जॉन फ्लॅहर्टी यांनी सांगितलं की एकाचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या शरीराला हात लावायचा हुकूम कोर्ट देऊ शकत नाही. त्याच निकालात त्यांनी हेही नोंदवलं की शिंपच्या नकाराचं नैतिक समर्थन होऊ शकत नाही. थोड्याच आठवड्यांत मॅकफॉल वारला.

निकालाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्यावर मात्र मी अडखळते. नात्यातल्या माणसाला विचार करायला जागा तरी कुठे मिळते? सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत असतं. तो ‘हो’ म्हणतो तेव्हा ते ‘हो’ त्याचंच आहे की घराचं, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. किडनी देण्याच्या बाबतीत काही डॉक्टर अशा वेळी घरच्यांना नुसतं ‘वैद्यकीयदृष्ट्या हे दाते चालणार नाहीत’ एवढंच सांगतात आणि न देणाऱ्याची अब्रू राखतात. मला ही युक्ती फार माणुसकीची वाटते. अनोळखी रुग्णासाठी नाव नोंदवणाऱ्याची चैन मात्र वेगळीच. ना कुणी समोर रडतंय, ना कुणी वाट बघतंय. हवा तेवढा वेळ घ्या, नाही म्हणा, कुणाचं काही बिघडत नाही. अशी सवलत मिळत असताना ती न वापरता भारावून जाऊन सही करणं मला पटत नव्हतं.

मग शेवटी सही केली ती का? भावनेपेक्षा हिशेबाने, असं म्हणेन. दाता आणि रुग्ण जुळतात की नाही हे पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांवरून ठरतं. (रक्तगट जुळावाच लागतो असं नाही. उलट प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो. हे सांगितलं की ऐकणारा हमखास ‘काय सांगता!’ म्हणतो.) या खुणांचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंडच नसेल किंवा जुळत नसेल, तर जगभर शोधायचं. लंडनमध्ये शर्ली नोलन या बाईंनी १९७४ साली आपल्या लहान मुलासाठी अशा दात्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. मुलाचं नाव अँथनी. त्याला दाता मिळालाच नाही, १९७९ साली तो गेला, पण नोंदवही चालू राहिली. आज जगभरच्या अशा याद्यांमध्ये मिळून चार कोटींहून अधिक नावं आहेत.

चार कोटी म्हटल्यावर माझ्या एका नावाने काय फरक पडणार, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण या खुणा वंशपरंपरेने येतात, आणि याद्यांमध्ये युरोपीय वंशाची माणसं प्रमाणाबाहेर जास्त आहेत. अमेरिकेतल्या यादीचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला उत्तम जुळणारा दाता सापडण्याची शक्यता ७५ टक्के निघाली, आणि आफ्रिकी वंशाच्या काही गटांसाठी ती १६ ते १९ टक्क्यांवर आली. हल्ली अर्ध्या जुळणीवरही चांगली प्रत्यारोपणं होतात, तेव्हा चित्र पूर्वीइतकं काळं नाही. तरी ते आकडे वाचल्यावर मला चार कोटींची यादी एकदम लहान वाटायला लागली. माझ्यासारखी जडणघडण असलेल्या रुग्णासाठी त्या यादीतला कामाचा भाग किती असेल?

त्यानंतर मी स्वतःला विचारलेले प्रश्न अगदी घरगुती होते. मला भुलेची किती भीती वाटते? ऐन कामाच्या दिवसांत बोलावलं तर सुट्टी मिळेल का? नवरा ‘तुझा जीव काय वर आलाय का’ म्हणाला तर मी काय उत्तर देणार? हा शेवटचा प्रश्न मी मनात ठेवला नाही, त्याच्याशी बोलूनच टाकलं. तो आधी वैतागला, मग माझ्यापेक्षा जास्त वाचून आला. आणि एक विचित्र प्रश्न होता: तो रुग्ण मला अजिबात न आवडणारा माणूस निघाला तर? आधी हसू आलं, पण प्रश्न खोटा नव्हता. तेव्हा लक्षात आलं की नावं गुप्त ठेवायचा नियम दात्याला लोभापासून किंवा दबावापासून वाचवतोच, शिवाय निवड करण्यापासूनही वाचवतो. कुणाला जगवायचं हे ठरवायचा अधिकार माझ्याकडे नाही, याचं मला हायसं वाटलं.

सही केली आणि पुढे कित्येक वर्षं काही झालं नाही. बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं, फोन येतच नाही. त्यातून मी बाई. एकाहून जास्त दाते जुळत असतील तर डॉक्टर सहसा तरुण पुरुषाला पुढे करतात, कारण गरोदरपणात बाईच्या शरीराला परक्या पेशींशी झगडायची सवय लागलेली असू शकते आणि ती पुढे रुग्णाला त्रासाची ठरते. थोडक्यात, मी राखीव खेळाडू होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग फोन आला. मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यानंतर दर टप्प्यावर कुणी ना कुणी विचारत होतं, ‘तुम्हाला थांबायचंय का?’ आधी पक्क्या जुळणीसाठी रक्त घेतलं, मग माझी स्वतःची पूर्ण तपासणी झाली. मला तपासणारे डॉक्टर रुग्णाचे डॉक्टर नव्हते. हेही मुद्दाम असंच ठेवतात, म्हणजे माझी काळजी करणारं कुणी तरी फक्त माझ्या बाजूचं असतं. आणि रुग्णाची केमो सुरू होण्याआधी शेवटची सही. माझ्या मते खरी सही तीच. गालावर काडी फिरवली तेव्हाची सही म्हणजे नुसतं ‘मला विचारा’ एवढंच होतं. त्या शेवटच्या सहीच्या वेळी मला विचार करावा लागला नाही, कारण तो मी आधीच, फुरसतीने करून ठेवला होता. मला इतक्या लांबून सांगायचंय ते एवढंच.

आता ‘दुखलं का?’ त्याआधी एक गैरसमज: पाठीच्या कण्यात सुई घालत नाहीत. दोन पद्धती आहेत. एकीत पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या भागातून मॅरो ओढून घेतात, आणि मग काही दिवस पाठ-कंबर ठणकते. दुसरी हल्ली जास्त वापरात आहे, माझी तीच झाली. चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन देतात, त्याने मॅरोतल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या पेशी, वाढून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं दुखतात, मोठा ताप येण्याआधी अंग मोडून येतं तशी. यंत्रावर चार ते सहा तास पडून राहावं लागतं. रक्त गोठू नये म्हणून जे मिसळतात त्याने शरीरातलं कॅल्शियम थोडं खाली जातं आणि ओठांना मुंग्या येतात. नर्सला सांगितलं की उपाय होतो. नाक खाजलं तर काय करायचं, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. दोन्ही हातांत सुया असतात हो.

यापुढचं कुणी विचारत नाही, पण सांगायला हवं. काही महिन्यांनी मला कळवलं गेलं की रुग्ण गेला. नाव, गाव, काही नाही. कारणही नाही. प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी रुजतात आणि कधी कधी त्याच रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. माझ्या पेशींनी तसं केलं का, हा विचार मनात आला, काही रात्री राहिला. दात्यांच्या यादीचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंशी बोलले. त्यांनी समजूत घातली नाही, नीट माहिती दिली, आणि त्याचाच उपयोग झाला. लोक म्हणतात, ‘म्हणजे सगळं फुकटच गेलं.’ या वाक्याचा मला राग येतो. त्या घराला काही महिने आशा होती आणि डॉक्टरांच्या हातात एक उपाय होता. तो उपाय हातात असावा, एवढंच माझ्याकडून कबूल झालं होतं. जगण्याची हमी मी दिली नव्हती, ती कुणीच देत नाही. नोंदणी करताना ही शक्यताही धरून चाला.

अवयवदानाचंही विचारता, तर त्याचं उत्तर लहान आहे, कारण तिथे वेळ आल्यावर माझी सहीच चालणार नाही. मेंदू मृत झालेल्या एका दात्याचे हृदय, फुप्फुसं, यकृत, दोन्ही मूत्रपिंडं असे अवयव अनेकांना जाऊ शकतात, पण बहुतेक देशांत कार्ड असलं तरी घरच्यांना विचारतातच. स्पेनमध्ये तर १९७९ पासूनचा कायदा प्रत्येकाची संमती गृहीत धरतो, तरी प्रत्यक्षात तिथेही कुटुंबाशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत. म्हणून कार्ड पाकिटात आहे त्यापेक्षा नवऱ्याला आणि भावाला मी तोंडाने सांगितलंय, हे महत्त्वाचं. भाऊ म्हणाला, ‘डोळे सोडून सगळं.’ मी म्हटलं, डोळे माझे आहेत. अजून वाद चालू आहे.

माझं नाव अजून मॅरोच्या यादीत आहे. ठरावीक वय झालं की आपोआप निघेल. ‘मग मी नोंदवू का?’ असं कुणी विचारलं की मी त्याच्या धैर्याची चौकशी करत नाही. तुमचा फोन नंबर किती वेळा बदलतो, एवढंच विचारते. जुळलेला दाता सापडतो आणि त्याचा नंबर बंद लागतो, हे या याद्यांचं जुनं दुखणं आहे. ‘बदलला तर कळवू की!’ असं हसत म्हणणारे पुष्कळ भेटतात. कुणाला कळवायचं, कुठे, असं लगेच विचारणारे फार कमी. त्यांना मी फॉर्म कुठे मिळतो ते सांगते.