नमुना आकार : ४०

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, पास झाले, कोर्सवर्क झालं, गाईड मिळाल्या. हे एका ओळीत संपवते, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. माझे सात महिने गेले ते सिनॉप्सिसच्या, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याच्या, ऑनलाइन फॉर्ममधल्या एका चौकटीत. चौकटीचं नाव 'नमुना आकार', म्हणजे किती जणांचा अभ्यास करणार तो आकडा. तिच्यात आकडा टाकल्याशिवाय 'पुढे'चं बटण चालू होत नव्हतं आणि माझ्याकडे आकडा नव्हता.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, अजून व्हायचाय. सोलापूरहून पहाटेच्या एसटीनं जावं लागतं आणि दुपारी दीड ते अडीच खिडकी बंद असते, एवढं पुरे.

माझा विषय सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विडी कामगार बायकांच्या आठवणींचा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बोलता बोलता बोटं पान भरतात, वळतात, दोरा बांधतात. नजर हातावर नसतेच. या बायकांशी बोलायचं, रेकॉर्ड करायचं, उतरवून काढायचं. याला मौखिक इतिहास म्हणतात, आणि ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. हे वाक्य मी त्या सात महिन्यांत इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन.

तर फॉर्म. गृहीतकं, किमान तीन. स्वतंत्र चल, अवलंबी चल. नमुना आकार. संख्याशास्त्रीय चाचणी निवडा : टी-चाचणी, काय-वर्ग, अनोव्हा, सहसंबंध. 'यांपैकी नाही' असा पर्यायच नाही. नमुन्याच्या चौकटीत 'लागू नाही' लिहिलं तर लाल अक्षरात येतं, 'फक्त अंक भरा'. मी खिडकीवर गेले. आतले गृहस्थ चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, टाका की काहीतरी आकडा. सगळे टाकतात." खोटं सांगत नाही, त्या इमारतीत मला मिळालेला सगळ्यात शहाणा सल्ला तोच होता. पण तेव्हा मी तत्त्वाला पेटले होते. आकडा न टाकता मी दोन पानी अर्ज लिहिला.

(अर्ज कुठलाही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझा पहिला अर्ज 'आलाच नाही'. दुसऱ्यावर शिक्का होता म्हणून तो सापडला.)

अडीच महिन्यांनी समितीपुढे बोलावणं आलं. पाच जण. माझ्या विषयाच्या एक मॅडम त्या दिवशी गैरहजर. एका सरांनी विचारलं, "कंट्रोल ग्रुप कुठला घेणार?" मी म्हणाले, "विड्या न वळणाऱ्या बायका, सर." मला ते विनोदी वाटलं होतं. बाकी कुणालाच वाटलं नाही. दुसरे म्हणाले, नमुना निदान ३० हवा. ३० का? तर टी-चाचणीला लागतो. शेरा पडला : 'सुधारणांसह पुन्हा सादर करावे.' पुढची बैठक चार महिन्यांनी.

परतीच्या एसटीत मी इतकी चिडले होते की पुढच्या सीटवरच्या आजींनी मला न विचारता शेंगाचटणी-भाकरी दिली. खिडकीतून पाहिलं तर सोलापूरच्या बाजूला नेहमीचे ढग, यायचे आणि न पडता जायचे. याच ढगांवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता. २७६ ढग निवडले. काहींत कॅल्शियम क्लोराइड या क्षाराचे कण फवारले, काही मुद्दाम तसेच सोडले. सोडलेले ढग म्हणजे कंट्रोल ग्रुप. तो नसता तर पडलेला पाऊस फवारणीचा की आपसूक, हे कळायला मार्गच नव्हता. म्हणजे सरांचा प्रश्न वेडगळ नव्हता. ढगांना तो विचारायलाच हवा.

पण मग हत्तरसंग-कुडलचं काय करायचं? सोलापूरपासून थोड्या अंतरावर, भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मराठी भाषेचा इतिहास सांगताना आता त्याला वगळता येत नाही. नमुना आकार : १. त्या लेखात, हा वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे. माझा अर्ज वाचणाऱ्यांना असं काही आश्वासन द्यायला हवं होतं.

खरा धक्का आठवड्याभरानं बसला. कोर्सवर्कमध्ये माझ्याबरोबर रसायनशास्त्राची एक मुलगी होती, मला ताई म्हणते. काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा आणि तो कसा वागतो ते मोजायचं, असं तिचं काम. मला वाटलं, फॉर्म यांच्यासाठीच बनवलाय, हिचं काय अडणार! फोन केला तर म्हणाली, "ताई, माझा पण अडकला होता की. प्रश्नावली जोडा म्हणत होता."

काचेच्या पट्टीला प्रश्नावली!

मग तिनं काय केलं? उत्तरदात्यांच्या रकान्यात ० टाकला, प्रश्नावलीच्या जागी कोरं पान जोडलं. फॉर्म गेला. तिची खरी डोकेदुखी निराळीच होती. क्ष-किरण तपासणीसाठी नमुने दुसऱ्या संस्थेत पाठवायचे, तिथं नंबर लावायचा, आणि एवढं करून आलेला निकाल दुसऱ्यांदा तसाच आला नाही तर महिनाभराचं काम केरात. त्याबद्दल फॉर्ममध्ये एक ओळ नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतके दिवस 'हे विज्ञानवाले आमच्यावर लादतात' म्हणून धुमसत होते. फॉर्म विज्ञानाचा नव्हताच. कुणीतरी कधीतरी सर्वेक्षणाच्या एका प्रबंधासाठी बनवलेला साचा उचलून सगळ्यांच्या गळ्यात मारला होता. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा अभ्यास करणाऱ्याला औषध न मारलेल्या झाडांची ओळ ठेवावी लागते. गणितवाल्याला नमुना लागतच नाही, त्याला सिद्धता लागते. जुनी पोथी संपादणाऱ्याला चार हस्तलिखितं समोर ठेवून पाठ ठरवावा लागतो. हे सगळे त्याच चौकटीत काहीतरी आकडा कोंबून पुढे गेलेले.

३०चं रहस्यही तिनंच फोडलं. टी-चाचणी काढली विल्यम गॉसेट नावाच्या माणसानं, गिनेस या दारूच्या कंपनीत काम करता करता. १९०८ साली त्यानं ती 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली. काढली कशासाठी? तर हाताशी नमुने थोडेच असतात तेव्हा काय करायचं म्हणून! हे ऐकून मला इतका आनंद झाला की पुढच्या बैठकीत म्हणून दाखवायचं ठरवलं. गाईड म्हणाल्या, "खबरदार." नाही म्हटलं. इथं लिहिलं, भागलं.

(मधेच आठवलं म्हणून. प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली मराठी संगणकाला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. साहित्यचोरी तपासणीच्या वेळी चारशे पानं बदलत बसावी लागतात. तिथं १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर त्यात धरत नाहीत. तसा नियमच आहे २०१८चा. मुलाखतींची संमती तर पहिल्याच दिवशी घ्या, आणि त्या बाईंच्या भाषेत घ्या. मी मराठीत छापून नेली होती, पुन्हा सगळं तेलुगूत वाचून दाखवावं लागलं.)

शेवटी मी काय केलं ते सांगते. चौकटीत ४० टाकलं. चाचणीत काय-वर्ग निवडला, कारण यादीत तो मधे होता. आणि 'इतर कागदपत्रे' मध्ये दोन पानांची टीप जोडली : बायका कशा निवडणार, नवं काही कळेनासं झालं की मुलाखती थांबवणार, सांगितलेलं कशाकशाशी ताडून पाहणार. मजुरीच्या नोंदी, युनियनची पत्रकं, त्या काळची वर्तमानपत्रं. आणि ४० हा अंदाज आहे, हे ठळक अक्षरात. तुमचा विषय असा वेगळा असेल तर भांडू नका, टीप जोडा. सात महिने भांडून आलेलं शहाणपण आहे हे, फुकट देतेय.

दुसऱ्या बैठकीत कंट्रोल ग्रुपवाल्या सरांनी टीप खरंच वाचली होती. त्यांनी विचारलं, "उद्या दुसरं कुणी याच बायकांशी बोललं तर हेच मिळेल का?"

नाही मिळणार. मी त्यांना एका अक्कांचं सांगितलं. पहिल्या दिवशी सून शेजारी बसलेली. अक्का म्हणाल्या, कारखान्यात सगळं चांगलं होतं, मालक देवमाणूस. दुसऱ्या दिवशी सून बाजाराला गेली, तर अक्का हातातली विडी सुपात टाकून म्हणाल्या, शंभरातल्या दहा तरी खराब म्हणून काढून ठेवायचे, त्याचे पैसे नाहीत, आणि त्या फेकायचेही नाहीत. साल विचारलं तर दुष्काळाचं म्हणाल्या, म्हणजे १९७२. मागाहून इतर तपशील जुळवले तर ते बरंच नंतरचं निघालं. रसायनशास्त्रात ही चूक. माझ्याकडे प्रश्न असा की अक्कांनी ही विड्यांची छाटणी दुष्काळाशीच का बांधली? असं दुसरीकडेही घडलंय. इटलीतल्या तेर्नी गावी लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली मारला गेला, पण कितीतरी जण तो १९५३च्या कामगारकपातीच्या वेळी गेला असं सांगत. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकारानं त्या चुकीचाच अभ्यास केला.

सर म्हणाले, "हे टिपेत का नाही लिहिलं?" आणि सही केली. सहा मिनिटं लागली.

पत्र हातात आल्यावर मी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या दोन चहा प्यायले आणि त्या मुलीला फोन केला. तिच्या नमुन्यांचा नंबर अजून लागला नव्हता.

परवा सहामाही प्रगती अहवाल भरला. 'पूर्ण झालेल्या कामाची टक्केवारी'. माझ्या मुलाखती झाल्यात १७. चाळिसातल्या सतरा, म्हणून ४२.५ लिहिलं. लाल अक्षरात आलं, 'दशांश चिन्ह चालणार नाही'. ४३ टाकलं.