लिव्हर ‘बंद’वर होता

16 मार्च 2018 पासून गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि त्यांच्याबरोबर लोहखनिज धुण्याचे कारखानेही थंडावले. डिचोली तालुक्यातला असाच एक कारखाना सहा वर्षांनी भंगारात निघाला. स्लरीच्या, म्हणजे पाण्यात कालवलेल्या खनिजाच्या, आठ इंची पाइपवर घनता मोजणारा गेज बसवलेला होता. भंगारवाल्याचा हात लागायच्या आत तो उतरवून रवाना करायचा, एवढंच आमचं काम.

गेजमध्ये सीझियम-137 हा किरणोत्सारी स्रोत. त्याचा झोत पाइपमधून पलीकडच्या डिटेक्टरवर पडतो; लिव्हर ‘बंद’वर फिरवला की शटर तो झोत अडवतं. 2006 साली बसवला तेव्हा 50 मिलिक्युरी (किरणोत्सारितेचं एकक). अर्धायुष्य साधारण 30 वर्षांचं, म्हणजे आता 33 च्या आसपास उरलेलं. वीज तोडली, कामगार गेले, तरी त्यात काही फरक पडत नाही. परवानाधारकाची जबाबदारीही संपत नाही. रावतभाट्याची पहिली अणुभट्टी 2004 पासून वीज देत नाही, पण अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख तिच्यावर आहेच. गेज लहान म्हणून त्याला वेगळा न्याय नाही: स्रोत मान्य ठिकाणी पोचल्याची पावती येईपर्यंत तो मालकाच्या नावावर राहतो.

फाटकापाशी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने तासाला 0.12 मायक्रोसिव्हर्ट (मात्रेचं एकक) दाखवलं, म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी. रखवालदार काका बरोबर आले. “साहेब, लिव्हर बंदच आहे. दर महिन्याला मी स्वतः बघतो, वहीत लिहितो.” वही खरंच नीट ठेवलेली होती. सहा वर्षं, महिन्याला एक ओळ, प्रत्येक ओळीत ‘शटर बंद’. मीटरचं वाचन मात्र एकाही ओळीत नव्हतं, कारण कारखान्यातला मीटर कधीच बिघडून पडला होता.

गेजकडे नेहमी स्रोताच्या पाठीमागून जायचं. पाठीला शिसं जाड असतं. तिथे 15 मायक्रोसिव्हर्ट मिळाले, ठीक. मग मीटर लांब दांडीला बांधून पाइपच्या पलीकडे, डिटेक्टरच्या बाजूला नेला. काटा 410 वर गेला. शटर बंद असताना तिथे दोन-चार मिळायला हवेत.

लिव्हर डोळ्यांसमोर ‘बंद’च्या खुणेवर उभा, कुलूपही लागलेलं. आणि किरणांचा झोत उघडा! त्यात पाइप रिकामा. कारखाना चालू असताना खनिजाची स्लरीच बराचसा झोत शोषून घेते; रिकाम्या पाइपला फक्त लोखंडाच्या दोन भिंती. बारा मीटरवर भंगारवाल्याचा माणूस गॅस कटरने त्याच पाइपलाइनचा दुसरा तुकडा कापत होता. आधी त्याला थांबवलं. शिसं 327 अंशांना वितळतं, गॅसची ज्योत गेजच्या शिशाच्या घरावर पडली तर कवचच वाहून जातं. पाइपसकट गेज भट्टीत गेला तर त्याहून वाईट. कोबाल्ट असेल तर पोलादात राहतो, सीझियम उडून धुराच्या गाळणीतल्या धुळीत बसतं. स्पेनमध्ये अल्हेसिरासच्या कारखान्यात 1998 साली हेच झालं. आपल्याकडे 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-60 ने एकाचा जीव घेतला. आमच्या गेजमधली कुपी बोटाच्या पेराएवढी. कुणी काही तास खिशात ठेवली असती तर कातडी जळली असती.

झोताच्या रेषेत दहा मीटरवर दोरी आणि किरणोत्सर्गाच्या त्रिदल चिन्हाच्या पाट्या लावल्या. तिथे पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम अर्धा मायक्रोसिव्हर्ट जास्त होता. आमची मंजूर पद्धत शटर बंद आहे असं धरून लिहिलेली, त्यामुळे ती आता लागू नव्हती. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांनी मंडळाला स्थिती कळवली, बदललेली पायरी लिहून पाठवली आणि होकार आल्यावरच पाना हातात घेतला. यात तीन तास गेले. ते जायलाच हवे होते.

दोष टोपी काढताच दिसला. लिव्हर आणि शटरचा दांडा यांना जोडणारी निमुळती पिन गंजून लाल पूड झाली होती. डिचोलीचा पाऊस आणि खनिजाची धूळ, वर सहा वर्षं ग्रीस नाही. लिव्हर मोकळाच फिरत होता, दांडा जागचा हलला नव्हता. हातोडा मारायचा नाही, तापवायचं तर मुळीच नाही. गंज सुटायचं तेल सोडून दोन तास थांबलो. मग दांड्याच्या चौकोनी टोकाला पाना लावून पाठीमागच्या बाजूने पाव फेरा, मध्ये थांबत थांबत. पलीकडचा काटा 410 वरून 3 वर आला. पान्याजवळ एक माणूस चार मिनिटं होता. त्याला साधारण एक मायक्रोसिव्हर्ट मिळाला.

दांडा पट्टी ठोकून जखडला. फसवलेल्या शटरवर दुसऱ्यांदा विसंबायचं नाही, म्हणून चार बोल्ट सैल करताना घर आणि पाइप यांच्या फटीत शिशाची पाटी सरकवली आणि ती तोंडावरच कसली. 48 किलोचं घर चेनब्लॉकने उतरवलं. बाहेरून पुसलेल्या कापसाची गळती चाचणी 185 बेक्वेरलच्या मर्यादेच्या पुष्कळच खाली आली.

राहिला स्रोताचा क्रमांक. कुणीतरी घराला रंग देताना पाटीही रंगवली होती. थिनरने पुसल्यावर शेवटचा आकडा 3 की 8, ते कळेना. अंदाजाने लिहून चालत नाही. परवान्यातला क्रमांक आणि पेटीवरचा क्रमांक तंतोतंत जुळावा लागतो. तिरका टॉर्च धरून आणि कागदावर पेन्सिल घासून ठसा घेतला: 8. प्रमाणपत्रातही 8.

किरणोत्सारी माल नेण्याची टाइप-ए पेटी बंद केल्यावर पृष्ठभागावर 45, एक मीटरवर 2.3 मायक्रोसिव्हर्ट. म्हणजे वाहतूक निर्देशांक (एक मीटरवरच्या वाचनाचा दहावा भाग) 0.23, तो वर पूर्ण करून 0.3, लेबल ‘पिवळा-दोन’. चालकाला आणीबाणीत काय करायचं त्याचं कार्ड समजावून दिलं. काकांच्या वहीत त्या दिवशीची ओळ आम्ही मिळून लिहिली. ‘शटर बंद’ शब्दांशेजारी पहिल्यांदाच वाचन आणि वेळ.

गेज होता त्या जागेवर मीटर पुन्हा फिरवला: 0.12. दोरी काढली, आणि कटरवाल्याला पाइप कापायला मोकळीक दिली.