टेलिफोन एक्स्चेंजची जुनी इमारत तळघरापासून वाचावी

शहराच्या मध्यावरच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा इतिहास लिहिताना बहुतेक जण कोनशिला आणि दर्शनी कमानींपासून सुरुवात करतात. सुरुवात तळघरातल्या केबल चेंबरपासून करावी, कारण बाकीची इमारत तिथून वर उभी राहिलेली असते. इतक्या महागड्या जागेवर ती बांधण्याचं कारणही तिथेच कळतं. प्रत्येक ग्राहकाकडे तांब्याच्या तारांची वेगळी जोडी जायची. या सगळ्या जोड्यांची मिळून लांबी जिथून कमीत कमी भरेल, ती जागा धरायची. जमिनीला जास्त पैसे गेले तरी तांब्यात ते वसूल व्हायचे.

रस्त्याखालच्या डक्टमधून शिशाच्या आवरणाच्या केबल चेंबरमध्ये येतात. आत कागदाने गुंडाळलेल्या शेकडो जोड्या असतात. कागद ओला झाला की इन्सुलेशन संपलं. म्हणून केबलमध्ये कोरडी हवा दाबाने भरून ठेवत. भेग पडली तर हवा बाहेर येते, पाणी आत शिरत नाही आणि दाब कुठे उतरला यावरून भेगेची जागा शोधता येते.

चेंबरच्या वर एमडीएफ, म्हणजे मुख्य वितरण चौकट. तिच्या एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या जोड्या केबलच्या क्रमाने, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजच्या लाइन नंबरच्या क्रमाने. दोहोंना जोडणारी तार म्हणजे जंपर. ग्राहकाने घर बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो, तो या जंपरमुळे. लाइन बंद झाली की जंपर दोन्ही टोकांना सोडवून ओढून काढायचा असतो. पण ओढताना शेजारची चालू जोडणी तुटण्याची धास्ती, म्हणून मेलेले जंपर तसेच राहतात आणि चौकटीवर त्यांचा जाड थर साचतो. जुन्या एमडीएफवर हा थर दिसला की तिथे किती वर्षं किती बदल झाले याचा अंदाज येतो.

आगीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक जागाही याच. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या एक्स्चेंजमध्ये तळघरातल्या केबलना आग लागली आणि सुमारे १,७०,००० फोन बंद पडले. सेवा पूर्ववत व्हायला तीनेक आठवडे लागले.

वरच्या मजल्यावर स्विच रूम, म्हणजे कॉल एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रांची खोली. अल्मन स्ट्रोजरला १८९१ मध्ये स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यात ला पोर्ट इथे पहिलं स्वयंचलित सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झालं. त्याचा सिलेक्टर, म्हणजे कॉलची वाट निवडणारं यंत्र, आधी वर चढतो, मग आडवा फिरतो: १० पातळ्या, प्रत्येकीवर १० संपर्क, म्हणजे १०० वाटा. डायल सेकंदाला १० पल्स, म्हणजे विजेचे ठोके, पाठवते. ७ फिरवला की वायपर, म्हणजे सिलेक्टरचा संपर्कांना टेकणारा हात, सातव्या पातळीवर चढतो आणि पुढचा आकडा येण्याआधीच्या क्षणभरात मोकळी वाट शोधतो. त्या पातळीवरच्या दहाही वाटा गुंतलेल्या असतील तर तो अकराव्या पायरीवर जातो आणि ग्राहकाला एंगेज टोन ऐकू येतो. शेवटचे दोन आकडे फायनल सिलेक्टर घेतो. चार आकडी नंबरांमुळे १०,००० लाइनींची सोय होते. आकडा वाढवला की सिलेक्टरची आणखी एक रांग लागते, म्हणजे आणखी जागा. इमारतीला मागून जोडलेला भाग किंवा चढवलेला मजला दिसला तर गावातल्या नंबरांचे आकडे कधी वाढले ते तपासावं. पुष्कळदा दोन्ही तारखा जवळ निघतात.

या खोलीचा शत्रू धूळ. संपर्कावर कण बसला की बोलण्यात खरखर येते किंवा कॉल अर्ध्यावर तुटतो. त्यामुळे खिडक्या घट्ट बंद असत. छत उंच, कारण रॅकच दहा-अकरा फुटांचे. जमीनही जड वजन पेलेल अशी. म्हणूनच अशा इमारती पाडणं अवघड जातं.

बॅटरी रूम ओळखायला सोपी: आम्लाला दाद न देणाऱ्या फरशा, वर हवा जायला झरोके, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. साधारण २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट मिळतात. धन टोक जमिनीला जोडतात. त्यामुळे तार जमिनीच्या मानाने ऋण राहते आणि ओलाव्यात तिचं तांबं झिजत नाही.

स्विच रूम रिकामी झाली तरी एमडीएफ हलत नाही. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं तेव्हा रॅक एका कोपऱ्यात मावले, मजले ओस पडले, पण हजारो जोड्यांची टोकं तिथेच होती. ती उचलून नेणं म्हणजे अख्ख्या शहराखालची केबल नव्याने टाकणं. तांब्याच्या जागी फायबर आल्यावरच इमारत खरी मोकळी होते.

पाहणीला जाताना केबल चेंबरमध्ये एकट्याने उतरू नये. डक्टमधून गॅस आत साचू शकतो. आधी हवा खेळती करून गॅस मीटरने तपासावं. शिशाच्या आवरणाला उघड्या हाताने चोळू नये. चौकटीवरच्या जोड्या मेलेल्याच आहेत असं गृहीत धरू नये: घंटीचा दाब ७५ व्होल्टच्या आसपास असतो आणि चांगला झटका देतो. फोटो काढताना चौकटीवरच्या हाताने लिहिलेल्या पट्ट्या आधी घ्याव्यात. साफसफाईत सगळ्यात आधी त्याच जातात, आणि कोणती केबल कुठल्या रस्त्याकडे जात होती हे बहुतेकदा तेवढ्या पट्ट्यांवरच लिहिलेलं असतं.