पहिला सीआरपी नॉर्मल होता

जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात रात्रपाळी होती. बाळ सहा तासांचं, पूर्ण दिवसांचं, वजनही चांगलं. आईची पाणमोट मात्र आदल्या दिवशीच फुटलेली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, मघाशी दूध ओढत होतं, आता तोंडच उघडत नाही." छातीवर बोट दाबून सोडलं. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले. जंतुसंसर्गाचा संशय आला.

कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायला, एक मिलिलिटर रक्त घेतलं. त्याहून कमी घेतलं तर जंतू असूनही हाती न लागण्याची भीती असते. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन. सीआरपी आला 2. आजी कागद घेऊन समोर उभ्या राहिल्या. "नॉर्मल आहे ना बाई? मग एवढ्याशा जिवाला सुया कशाला?"

प्रश्न रास्तच होता. पण सीआरपी यकृतात बनतो. जंतू शिरल्यावर आयएल-6 या निरोप्या रेणूचा सांगावा यकृताला पोचतो, मग कुठे तो तयार होऊ लागतो. रक्तात वाढलेला दिसायला दहा-बारा तास जातात. "आजी, हा रिपोर्ट फार लवकरचा आहे, उद्या परत करू. तोवर औषधाविना थांबायला नको," म्हटलं आणि अ‍ॅम्पिसिलिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक सुरू केली.

मशीन पांढऱ्या पेशी मोजतं, पण कच्च्या कोणत्या ते डोळ्यांनीच पाहावं लागतं. लॅबमधल्या दादांनी रात्री दोन वाजता स्लाइड रंगवून मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. घोड्याच्या नालासारखी वाकलेली, अजून खंड न पडलेली केंद्रकं जिकडेतिकडे, म्हणजे पेशी कच्च्याच. एकूण न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, कच्च्यांचं प्रमाण 0.2 च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. इथे ते 0.3 च्या पुढे होतं. अशा दादांची किंमत कुठल्याच रिपोर्टात छापून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सीआरपी 56. कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू. तो अ‍ॅम्पिसिलिनला दाद देतच नाही, जेंटामायसिनला देत होता. मेंदूपर्यंत संसर्ग गेला का ते पाहायला काढलेलं पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं. 14 दिवस इंजेक्शनं झाली आणि बाळ अंगावर पीत घरी गेलं.

त्याच आठवड्यात उलटं घडलं. एका दिवसाच्या ठणठणीत बाळाचं प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे संसर्गाचीच आणखी एक रक्ततपासणी, नातेवाइकांनी बाहेरून करून आणलं, वाढलेलं. जन्मानंतर पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही वाढतं. बाळ नीट पीत होतं, सीआरपी दोनदा नॉर्मल आला. आम्ही अँटिबायोटिक दिलंच नाही.

आता आमच्याकडे नवजात बाळाच्या प्रत्येक रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर वय तासांत लिहितात. ते नसेल तर मी आकडा वाचत नाही, आधी फोन करते.