५५ अंशाचा घोळ

आजचा अख्खा दिवस एका ट्रान्सफॉर्मरच्या कोअरनं, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्यानं खाल्ला. सीआरजीओ पत्रा, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉनचं स्टील, रोलिंगच्या दिशेनं मॅग्नेटाइज करायला एकदम सोपं नि आडवं गेलं की हट्टी. सॉफ्टवेअरमधे मी दोनच बीएच कर्व्ह (किती चुंबकीय जोर लावला की पत्रा किती मॅग्नेटाइज होतो त्याचा आलेख) टाकले, एक उभा एक आडवा, मधलं ते आपलं आपण जुळवून घेईल असं धरून चाललो, आणि सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, सकाळपासून फिरतोय फिरतोय, एरर खाली येते नि परत उडी मारते. दुपारी सातपूरच्या आमच्या जुन्या सरांना फोन लावला तर हसले, "अरे बाबा, सगळ्यात कठीण दिशा रोलिंगपासून ९० अंशाला नसते, साधारण ५५ अंशाला असते, क्रिस्टलच तसा बसलाय." डोकंच धरलं! कोपऱ्यातल्या जॉइंटला फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, वळतो तेव्हा असेच तिरके कोन येतात, नि तिथंच माझं मॉडेल थापा मारत होतं.

कर्व्हचं शेपूट गुळगुळीत केलं, सॅच्युरेशनच्या (पत्रा चुंबकत्वानं भरून गेल्याच्या) पुढं स्लोप हवेइतका नेला, न्यूटन-रॅफसनला (सॉल्व्हरची अंदाज सुधारत जायची पद्धत) छोट्या पावलांनी चालवलं, साडेसातला कन्व्हर्ज झालं, म्हणजे उत्तर स्थिरावलं एकदाचं. पण ५५ चा कर्व्ह? पत्रेवाला दोनच देतो. उद्या तिरक्या पट्ट्या कापून मोजायच्यात.

खाली आलो तर मिसळ संपलेली, वडापाववर भागवलं.