पडेल ना तो!

चिनूने मी रंगवलेला खंड्या पाहिला आणि म्हणाली, "पडेल ना तो!" एवढंच. मग गेली खाली खेळायला. रात्रीचे अकरा वाजून गेले, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

तीन संध्याकाळी गेल्या या चित्रात. जलरंगांचा जाड, ३०० जीएसएमचा कागद. गळा आणि छाती कोरीच ठेवली, पोटाच्या कडेला तेवढी निळा आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून केलेली पातळ राखाडी सावली. पाठीचा निळा तर अगदी मनासारखा उतरला. खंड्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या बारीक रचनेमुळे प्रकाशातला निळा तेवढा परत फिरतो, म्हणून उजेड बदलला की निळाही बदलतो. एकच निळा सपाट फासला की पाठ प्लास्टिकची दिसायला लागते. आधी पाण्यासारखा पातळ टर्क्वाइज, तो पूर्ण वाळला की फक्त सावलीच्या बाजूला थॅलो ब्लूचा, म्हणजे गडद निळ्याचा, दुसरा हात. पंखाच्या खांद्याशी चॉकलेटी, त्याखाली काळी पट्टी, मग निळा, हा क्रमसुद्धा चुकलेला नाही. आणि दिसलं काय, तर पडणारा पक्षी. वाईट वाटलं. प्रदर्शनाचं आता... जाऊ दे.

आधी डोळा तपासला. चोचीची फट जिथे संपते त्याच्या वर आहे, चमकेचा ठिपका उजेडाच्या बाजूला आहे. डोळा जिवंत आहे. मग पडतोय कशामुळे?

शेवटी दोऱ्याला खोडरबर बांधून ओळंबा केला. चित्र भिंतीला उभं लावलं आणि धडाच्या अंडाकृतीच्या मध्यावरून दोरा सोडला. तो पायांच्या चांगला बोटभर पुढे आला. म्हणजे सगळं वजन हवेत! त्यात खंड्याची चोच केवढी मोठी, तोल आणखीच पुढे जाणार. पडेलच तो.

आणि पाय तरी कसले काढलेत. कावळ्याचे. खंड्याचा पाय इतका आखूड असतो की बसल्यावर पोट जवळजवळ फांदीला टेकतं, खाली दिसतात ती लाल बोटं. मी मात्र दोन काड्या काढून त्यांना मध्ये गुडघाही दिला. पक्ष्याचा जो सांधा आपल्याला उलटा वाकलेला गुडघा वाटतो ती खरं तर टाच. खरा गुडघा वर, पिसांत. बोटं तीन पुढे आणि एक मागे, इतकं बरोबर, पण खंड्याची पुढची बाहेरची दोन बोटं बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकांना जोडलेली असतात. माझी तिन्ही सुटी, फांदीवर नुसती ठेवलेली. पकड नाही, बोटांखाली सावली नाही. पिसांवर इतका जीव टाकला आणि वजन कुठे टेकतं तेच पाहिलं नाही. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचं सायबेरियन क्रौंचाचं चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. क्रौंचाचे पाय उघडेच, तिथे लपवायला पिसं नाहीत. माझ्या खंड्याला ती होती, तरी.

ओल्या, जरा कडक ब्रशने पायांचा रंग कागदावरून उचलून पाहिला. अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल कागदात मुरतो, गुलाबी डाग राहिलाच. आणखी घासलं तर कागदाचे तंतू सुटतील, म्हणून थांबले.

आता पाय काढायचे नाहीत, फांदी वर आणायची. दीड सेंटिमीटर जाड केली तर त्या काड्या तपकिरीत बुडतील आणि पोट आपोआप फांदीला टेकेल. लालावर गडद तपकिरी चांगला बसतो. तो वाळला की ओळंब्याच्या रेषेवर नवी बोटं, लाल गुआशने (खालचा रंग झाकणाऱ्या दाट जलरंगाने), शून्य नंबरच्या बारीक ब्रशने. चिनूचं बरोबरच होतं. निळ्याला हात लावायची गरज नाही, याचंच मोठं समाधान आहे.

फांदीचा पहिला हात आत्ताच दिला. बोटं सकाळी, खिडकीतल्या उजेडात.